डाग पडण्याआधी: लॉन, झुडपं आणि झाडांसाठी बुरशीनाशक कसं वापरायचं

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर दर श्रावणात एक फोटो येतोच. हिरव्यागार लॉनवर परातीएवढा तपकिरी गोल, आणि खाली प्रश्न: "यावर कुठलं औषध मारायचं?" पुण्यातली ही बाग मी बरीच वर्षं सांभाळते आहे, आणि माझं उत्तर कुणाला आवडत नाही. त्या गोलावर काहीही मारलं तरी तो हिरवा होणार नाही. वाळलेलं पातं वाळलेलंच राहतं. औषध मारायचं ते गोलाच्या कडेच्या, अजून हिरव्या असलेल्या गवतासाठी. आणि तेही खरं तर पंधरा दिवसांपूर्वी मारायला हवं होतं.

कारण साधं आहे. बुरशीचा बीजाणू पानावर येऊन पडतो, पान काही तास ओलं राहिलं की रुजतो आणि आत शिरतो. बहुतेक बुरशीनाशकं पानावर पातळ थर करून बसतात आणि रुजणाऱ्या बीजाणूला तिथेच मारतात. तो आत शिरल्यावर बाहेरच्या थराचं काम संपलं. आंतरप्रवाही औषधं पानात शोषली जातात, नुकतीच झालेली लागण थोपवतात, पण पडलेला डाग तीही पुसत नाहीत. म्हणून फवारणीची तारीख पानाकडे बघून ठरवली तर उशीर झालेला असतो. ती आभाळाकडे बघून ठरवायची.

पायरी १: हे बुरशीचंच काम आहे का?

सगळ्यात जास्त पैसे आणि औषध इथे वाया जातं, म्हणून इथे जरा थांबू.

लॉनचा पिवळा पडलेला भाग दोन्ही हातांनी धरून वर ओढा. गालिच्यासारखा उचलून आला तर मुळं खाल्ली गेली आहेत. खाली माती उकरा, पांढरी, इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली हुमणी सापडेल. तिला बुरशीनाशकाने काही होत नाही. मधोमध करपलेला आणि कडेला गर्द हिरवा असा छोटा गोल दिसला तर सोसायटीतल्या कुत्र्यांची सकाळची फेरी आठवा. पात्यांची टोकं फक्त पांढुरकी आणि चिरफाळलेली असतील तर मशीनचं पातं बोथट झालंय, धार लावून आणा.

खरा तपकिरी चट्टा, म्हणजे ऱ्हायझोक्टोनिया बुरशीचा, पहाटे ओळखावा. दव असताना गोलाच्या कडेला धुरकट, काळपट रेघ दिसते, आणि पातं बुडाशी कुजल्यामुळे हलक्या हाताने निघून येतं. पिथियम नावाच्या दुसऱ्या रोगजीवाचा चट्टा तेलकट, बुळबुळीत दिसतो, त्यावर पहाटे कापसासारखी जाळी असते आणि उतारावरून पाणी वाहतं त्या दिशेने तो पसरतो. ऊन चढल्यावर दोन्ही सारखेच वाळके दिसतात, म्हणून दुपारच्या फोटोवरून निदान मागू नका.

पावसात लॉनवर भूछत्रं उगवली तर तो गवताचा रोग नाही. खाली बहुधा काहीतरी लाकूड कुजतंय. आमच्याकडे एका कोपऱ्यात दरवर्षी यायची. एकदा खणलं तर बांधकामाच्या वेळी पुरलेल्या सेंटरिंगच्या फळ्या निघाल्या. हातमोजे घालून भूछत्रं काढून टाका, लहान मुलं आणि कुत्री तिकडे जाणार नाहीत एवढं बघा.

झुडपांवर दोन घोटाळे कायम होतात. जास्वंदीच्या शेंड्यावरचा पांढरा कापूस म्हणजे भुरी नव्हे. ते पिठ्या ढेकूण आहेत. काडीने टोचलं की हलतात. भुरी पानावर टाल्कम पावडरीसारखी सपाट बसते आणि बोटाने पुसली जाते. दुसरा घोटाळा काजळीचा. आंबा, लिंबू, कढीपत्ता यांच्या पानांवर काळा थर चढतो तो बुरशीचाच असतो, पण ती बुरशी पान खात नाही. तुडतुडे, मावा किंवा खवले कीड जो गोड चिकट स्राव टाकतात त्यावर ती वाढते. किडीचा बंदोबस्त करा, पानं पाण्याने धुवा, काजळी जाते. आणि मोगऱ्याची कोवळी पानं पिवळी पण शिरा हिरव्या असतील तर तो रोग नसून लोहाची कमतरता आहे.

पायरी २: पंप काढण्याआधी

संध्याकाळी सात वाजता सुरू होणारे स्प्रिंकलर बंद करा. रात्रभर ओलं राहिलेलं गवत म्हणजे बुरशीला केलेला पाहुणचार. पाणी पहाटे किंवा सकाळी द्या, म्हणजे नऊ-दहापर्यंत पाती कोरडी होतात. लॉनला पाणी रोज थोडं देण्यापेक्षा दोन-तीन दिवसांनी खोलवर द्यावं.

पावसाळ्याच्या तोंडावर युरिया टाकू नका. गवत भसाभस वाढतं, पण पाती लुसलुशीत होतात आणि तपकिरी चट्टा आधी तिथेच येतो. कापताना एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नये, ओलं गवत कापू नये. चट्टा असलेला भाग सगळ्यात शेवटी कापावा आणि मशीन धुवावं. पाणी साचतं तिथे काट्याने भोकं पाडून वाळू भरा. आमच्या लॉनचा एक सखल कोपरा एवढ्यानेच सुधारला, औषध न मारता.

गुलाबाच्या झाडाचा मधला भाग मोकळा ठेवा, हवा खेळली पाहिजे. काळे ठिपके पडून गळलेली पानं रोज गोळा करून कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नको. चाफ्याच्या पानामागे पावसात नारिंगी भुकटी दिसते तो तांबेरा. मोठ्या चाफ्यावर मी कधीच फवारत नाही. हिवाळ्यात पानं गळणारच असतात, तीच लोटून उचलायची. दिसायला भयंकर, पण झाड त्याने मरत नाही.

पायरी ३: कुठल्या रोगाला काय

दुकानात गेलात की बहुतेक वेळा कार्बेन्डाझिमची पुडी हातात पडते. ते चांगलं आंतरप्रवाही औषध आहे, पण त्याच्या दोन मर्यादा कुणी सांगत नाही. पहिली, पिथियम, मुळं कुजवणारा फायटोफ्थोरा आणि केवडा रोगाचे (डाउनी मिल्ड्यूचे) जीव हे शास्त्रीयदृष्ट्या खऱ्या बुरशीत मोडतच नाहीत, ते पाणबुरशीच्या कुळातले. त्यांच्यावर कार्बेन्डाझिम चालत नाही. दुसरी, ते बुरशीच्या एकाच जागी घाव घालतं, त्यामुळे पुन्हा पुन्हा वापरलं की बुरशी त्याला दाद देईनाशी होते. अझॉक्सिस्ट्रोबिनसारख्या नव्या औषधांचंही तेच.

मँकोझेब, कॉपर ऑक्सिक्लोराइड, बोर्डो मिश्रण (मोरचूद, म्हणजे तांब्याचा क्षार, आणि चुना; कृती पुढे आहे) आणि गंधक ही जुनी स्पर्शजन्य, म्हणजे पानावर बाहेरच राहणारी औषधं एकाच वेळी अनेक ठिकाणी घाव घालतात. बुरशीला त्यांची सवय सहसा होत नाही. नवख्याने सुरुवात यांच्यापासून करावी, आणि लागण दिसायला लागली तरच एखादी आंतरप्रवाही फवारणी मध्ये घ्यावी. तेच आंतरप्रवाही औषध लागोपाठ दोनदा नको.

माझा ढोबळ हिशेब असा आहे. गुलाबाचे काळे ठिपके आणि झुडपांवरचा करपा यांना मँकोझेब ७५ टक्के, लिटरला २ ते २.५ ग्रॅम, किंवा कॉपर ऑक्सिक्लोराइड ५० टक्के, लिटरला २.५ ते ३ ग्रॅम. भुरीला पाण्यात मिसळणारं गंधक ८० टक्के, लिटरला २ ग्रॅम. लॉनच्या तपकिरी चट्ट्याला मँकोझेब, फारच पसरला तर प्रोपिकोनॅझोल किंवा अझॉक्सिस्ट्रोबिन. पिथियमला आणि लिंबाच्या मूळकुजीला मेटॅलॅक्झिल-मँकोझेबची आळवणी, म्हणजे औषधाचं पाणी मुळांशी ओतणं. हे आकडे पाठ करण्यासाठी नाहीत. तुमच्या पाकिटावर जे छापलंय तेच शेवटचं. आणि पाकिटावर बहुधा द्राक्ष, बटाटा, भात अशी पिकं असतात, लॉनचं नाव क्वचितच, म्हणून मात्रा आपल्या मनाने वाढवण्याचा मोह आवरा. कृषी खात्याच्या स्थानिक कर्मचाऱ्यांना किंवा जवळच्या कृषी महाविद्यालयाच्या रोगशास्त्र विभागात पानं दाखवून विचारता येतं.

गंधकाची एक अट आहे. पारा ३२-३५ अंशांच्या वर असेल तर त्याने पानं भाजतात. मी हे एप्रिलच्या एका दुपारी, एकोणीस गुलाबांवर शिकले.

मातीत ट्रायकोडर्मा द्यायचा असेल तर तो शेणखतात मिसळून, ओलाव्यात द्या, आणि रासायनिक आळवणीपासून किमान पंधरा दिवसांचं अंतर ठेवा. तोही बुरशीच आहे. कार्बेन्डाझिम ओतलं तर मित्र आधी मरतो.

पायरी ४: खरेदी

कृषी सेवा केंद्रातून, बंद पाकीट, पक्की पावती. कागदात बांधून दिलेलं सुटं औषध घेऊ नका. नोंदणी क्रमांक आणि मुदत बघा, आतलं मराठी माहितीपत्रक वाचा. पाकिटावरच्या चौकोनातला खालचा त्रिकोण विषारीपणा सांगतो: लाल सर्वांत घातक, मग पिवळा, निळा, हिरवा. हिरवा म्हणजे निरुपद्रवी असं मात्र समजू नका. तो रंग लगेच होणाऱ्या विषबाधेपुरता बोलतो. मँकोझेबच्या मंजुरीचं युरोपीय संघाने २०२० मध्ये नूतनीकरण केलं नाही, ते दीर्घकालीन परिणामांच्या चिंतेमुळे. एखाद्या जुन्या पुस्तकात भुरीसाठी डिनोकॅप किंवा ट्रायडेमॉर्फ लिहिलेलं सापडेल. दोन्हींवर आता भारतात बंदी आहे.

पायरी ५: बोर्डो घरी करणं

१८८२ मध्ये फ्रान्सच्या बोर्डो परिसरात अलेक्सी मिलार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकाला एक गंमत दिसली. द्राक्षमळे केवडा रोगाने ओस पडले होते, पण रस्त्याकडेच्या वेलींना पानं होती. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी द्राक्षं तोडू नयेत म्हणून मळेवाल्यांनी त्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडला होता. १८८५ मध्ये मिलार्दे यांनी त्याची कृती प्रसिद्ध केली. कोकणात आणि गोव्यात सुपारीच्या कोळे रोगासाठी (फळं कुजून गळतात तो) आजही तेच वापरतात: पाऊस सुरू होण्याआधी घोसांवर पहिली फवारणी, आणि ४०-४५ दिवसांनी दुसरी. रोग दिसण्याची वाट कुणी बागायतदार बघत नाही.

दहा लिटर एक टक्का बोर्डोसाठी १०० ग्रॅम मोरचूद, १०० ग्रॅम कळीचा चुना आणि प्लास्टिकच्या तीन बादल्या लागतात. लोखंडी किंवा जस्ताची बादली अजिबात नको. मोरचूद फडक्यात बांधून पाच लिटर पाण्यात रात्रभर वरच्या बाजूला लटकत ठेवा, सकाळपर्यंत विरघळतो. दुसऱ्या बादलीत चुन्यावर थोडंथोडं पाणी शिंपून तो फोडा. चुना उकळतो, वाफ येते, चष्मा लावा आणि तोंड लांब ठेवा. निवल्यावर पाच लिटर करून फडक्यातून गाळा. मग दोघांनी मिळून दोन्ही द्रावणं एकाच वेळी तिसऱ्या बादलीत ओतायची आणि लाकडी काठीने ढवळत राहायचं. आकाशी निळा रंग आला की जमलं.

आता चाचणी, जी सगळे टाळतात. घासून चकचकीत केलेला लोखंडी खिळा किंवा सुरी मिनिटभर त्यात बुडवा. तांबूस थर चढला तर तांबं मोकळं आहे, पानं भाजतील, आणखी थोडी चुन्याची निवळी घाला आणि पुन्हा बघा. थर चढला नाही तर गाळून पंपात भरा. मिश्रण त्याच दिवशी संपवायचं, त्यात दुसरं कुठलंही औषध मिसळायचं नाही. कोवळ्या पालवीवर अर्धा टक्का पुरे. पान वाळायला वेळ लागेल अशा कुंद हवेत मारू नका.

हेच घट्ट केलं की बोर्डो पेस्ट: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. विदर्भातले संत्रा बागायतदार डिंक्या रोगासाठी (बुंध्यातून डिंक गळतो तो) पावसाळ्याआधी आणि नंतर बुंध्याला साधारण तीन फुटांपर्यंत ती लावतात. घरच्या लिंबाला, मोसंबीला हेच करा. छाटलेल्या फांद्यांच्या तोंडावरही ब्रशने लावा.

पायरी ६: फवारणी

आधी पंपात नुसतं पाणी भरा. लॉनवर सुतळीने १,००० चौरस फूट आखून घ्या आणि नेहमीच्या चालीने फवारा. समजा सहा लिटर संपलं. साधारण पाच ते आठ लिटर लागतं. म्हणजे ३,००० फुटांच्या लॉनला १८ लिटर, आणि लिटरला दोन ग्रॅमप्रमाणे ३६ ग्रॅम औषध. हा हिशेब वहीत लिहून ठेवा. "एक झाकण" हे माप नाही. औषधाचा छोटा वजनकाटा, मग आणि चमचा वेगळा ठेवा, तो स्वयंपाकघरात परत जात नाही.

पूड थेट टाकीत ओतू नका, गुठळ्या नोझलमध्ये अडकतात. मगभर पाण्यात पातळ खळ करा, अर्ध्या भरलेल्या टाकीत ओता, मग उरलेलं पाणी आणि पाकिटावर सांगितलं असेल तर स्टिकर, म्हणजे औषध पानाला चिकटून राहावं म्हणून मिसळायचा द्रव. अशी औषधं तळाशी बसतात, म्हणून मध्येमध्ये पंप हलवत राहा.

हातमोजे, पूर्ण बाह्या, चष्मा, औषध फवारणीसाठीचा मास्क. नाकावर बांधलेला रुमाल म्हणजे मास्क नव्हे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशक फवारताना शेतकरी आणि शेतमजुरांचे जीव गेले. ती औषधं वेगळी आणि कितीतरी जहाल होती, पण अंगावर फवारा घेण्याची सवय तीच असते. काम आपल्या माळीदादांना सांगणार असाल तर हे सगळं साहित्य सोसायटीने विकत घ्यायचं, त्यांनी नव्हे.

वेळ सकाळची, दव वाळल्यावर, किंवा उन्हं उतरल्यावर. वारा पाठीशी. पुढचे चार ते सहा तास पावसाची चिन्हं नकोत. झुडपांवर नोझल खालून वर धरा, औषध पानामागेही पोचलं पाहिजे. पानावर बारीक दहिवर बसल्यासारखं दिसलं की पुढे सरका. थेंब ओघळायला लागले म्हणजे औषध मातीत चाललं. पावसाळ्यात दहा ते पंधरा दिवसांनी पुन्हा, मोठी झड लागून गेली तर त्याआधी.

उरलेलं औषध गटारात किंवा तळ्यात ओतू नका. टाकी तीनदा विसळून ते पाणी त्याच लॉनवर फवारून टाका. तांबं माशांना फार घातक असतं. आमच्या कमळाच्या टाक्यात डासांसाठी सोडलेले गप्पी मासे एकदा असेच गेले, कुणीतरी पंप तिथे विसळला होता.

पायरी ७: कुठे मारायचं नाही

तुळस, कढीपत्ता, पुदिना, गवती चहा. ज्याचं पान तोंडात जातं त्यावर नाही.

लॉनमधली हरळी म्हणजेच दुर्वा, हे सोसायट्या विसरतात. तपकिरी चट्ट्याचा ऐन हंगाम आणि गणपती एकाच सुमाराला येतात. सकाळी मुलं लॉनवरून एकवीस-एकवीसच्या जुड्या खुडून नेतात आणि त्यातली एखादी चघळतातही. म्हणून आम्ही कुंपणाकडेचा एक पट्टा कायम बिनऔषधाचा ठेवतो, तिथे पाटी लावली आहे. बेल, जास्वंद आणि पत्रीच्या झाडांचंही तसंच. फवारलेल्या लॉनवर पूर्ण वाळेपर्यंत कुणी जायचं नाही, आणि आम्ही एक दिवस दोरी बांधून ठेवतो.

फुलोऱ्यावर मधमाश्या असताना फवारू नका, मारायचंच असेल तर त्या परतल्यावर, संध्याकाळी. आंब्याचा मोहोर हा इथला अवघड प्रश्न आहे. डिसेंबर ते फेब्रुवारी, रात्री थंड आणि दिवस कोरडे असले की मोहोरावर भुरी येते. भुरीला पान ओलं लागत नाही, नुसती दमट हवा पुरते. मोहोर फुलण्याआधी, बोंगे असताना गंधक मारलं तर पुढचं बरंच टळतं. फळधारणा झाल्यावर पाकिटावरचा काढणीपूर्व काळ, म्हणजे शेवटची फवारणी आणि फळ तोडणं यांतलं अंतर, मोजायचा.

वर्षाचं वेळापत्रक

मे अखेर: लॉनला भोकं, वाळू. लिंबाला बोर्डो पेस्ट, जुन्या पानांच्या झुडपांवर एक टक्का बोर्डो. जून ते सप्टेंबर: गुलाब आणि लॉनवर उघडीप बघून मँकोझेब किंवा तांबं आलटून पालटून, ज्या वर्षी गरज नसेल त्या वर्षी काहीच नाही. ऑक्टोबर: गुलाबाची छाटणी, कापांवर पेस्ट, लिंबाच्या बुंध्याला दुसरा हात. डिसेंबरपासून भुरीवर नजर.

या यादीत मोठी झाडं नाहीत, ती मुद्दामच. तीस फुटी गुलमोहरावर खालून पंप मारणं म्हणजे आपल्याच डोक्यावर औषध शिंपणं. पावसाळ्यात त्याच्या बुंध्याशी, जमिनीलगत, तपकिरी, वरून लाखेसारखी चमकणारी, फळीसारखी भूछत्रं दिसली तर ती गॅनोडर्मा. आतलं लाकूड आणि मुळं कुजली आहेत, कुठलंही बुरशीनाशक ते परत आणत नाही. बुंध्याभोवतीचं काँक्रीट आणि वर चढवलेली माती काढा, झाडांच्या जाणकाराला बोलवा. फांद्या उतरवायच्या किंवा झाड काढायचं तर १९७५ च्या महाराष्ट्र झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमाखाली वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, तो अर्ज त्याच आठवड्यात करा. आणि परवानगी येईपर्यंत त्या झाडाखाली गाड्या लावणं आणि मुलांचं खेळणं आजपासून बंद.